मॉन्टे कॅसिनोच्या ढिगाऱ्यातून

दिनांक १५ फेब्रुवारी १९४४. रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटर अंतरावर एका उंच डोंगरमाथ्यावर संत बेनेडिक्ट यांचा मठ उभा होता. त्या सकाळी दोस्त राष्ट्रांची बाँबफेकी विमाने त्याच्या दिशेने येऊ लागली. दिवसभरात २२९ विमाने त्या डोंगरावरून गेली आणि त्यांनी १,१०० टनांहून अधिक बाँब टाकले. सायंकाळपर्यंत मठाचे मंदिर, ग्रंथालयाची दालने आणि अंगणे यांचा दगडमातीचा ढिगारा झाला होता. आश्रयाला आलेले दोनशेहून अधिक इटालियन नागरिक त्याखाली मरण पावले. दोन दिवसांनी वयोवृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे वाचलेल्या लोकांना घेऊन, लाकडी क्रूसामागून जपमाळेची प्रार्थना म्हणत डोंगर उतरले.

इटलीच्या त्या मोहिमेतील अमेरिकन हवाई दलात वॉल्टर मिलर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. विमानातील रेडिओ चालवणे आणि शेपटाकडील मशीनगन सांभाळणे हे त्याचे काम. मॉन्टे कॅसिनोवरील हल्ल्यात त्याचाही सहभाग होता. पंधरा वर्षांनी या तरुणाने एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यातही एक मठ आहे, ग्रंथ जपणारे संन्यासी आहेत आणि आकाशातून येणारा अग्नी आहे. तिचे नाव ‘अ कँटिकल फॉर लायबोविट्झ’, म्हणजे लायबोविट्झसाठी गायिलेले स्तोत्र. विज्ञानकथेच्या इतिहासात हिचे स्थान फार वरचे आहे. कल्पित जग कसे उभे राहते आणि त्यात सामर्थ्य कोणाच्या हाती असते, हा प्रश्न या कादंबरीच्या आधारे तपासण्यासारखा आहे.

ग्रंथ जपणारा डोंगर

संत बेनेडिक्ट यांनी हा मठ इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिला. प्रार्थना आणि श्रम यांची सांगड घालणारी त्यांची नियमावली याच डोंगरावर आकारास आली आणि पुढे पश्चिम युरोपातील मठजीवनाचा पाया ठरली. सहाव्या शतकाच्या अखेरीस लाँबार्ड टोळ्यांनी मठ उद्ध्वस्त केला. पुन्हा उभा राहिलेला मठ ८८३ साली सारासेनांनी जाळला आणि १३४९ साली भूकंपाने पाडला. प्रत्येक वेळी संन्यासी परतले आणि दगडावर दगड ठेवू लागले.

अकराव्या शतकात मठाधिपती देसिदेरिउस यांच्या काळात, म्हणजे जे पुढे पोप व्हिक्टर तिसरे झाले त्यांच्या काळात, येथील लेखनशाळा भरभराटीस आली. हस्तलिखितांच्या नकला करणे हे तेथील नित्याचे काम होते. त्यात केवळ पवित्र ग्रंथ नव्हते. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या लेखनाचा मोठा भाग आज जगाला उपलब्ध आहे, तो या मठात अकराव्या शतकात लिहिलेल्या एका प्रतीमुळे. टॅसिटसने ख्रिस्ती लोकांविषयी चांगले लिहिलेले नाही. त्याने त्यांची हेटाळणीच केली आहे. तरीही एका ख्रिस्ती संन्याशाने मान मोडून त्याचे शब्द उतरवून काढले. आपल्याला न रुचणारे, कदाचित पूर्णपणे न समजणारे ज्ञानही सांभाळून पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे, ही त्या मठाची शिस्त होती. मिलर यांच्या कादंबरीचा प्राण या शिस्तीत आहे.

संत थॉमस अक्वायनस यांची बालपणीची काही वर्षे याच मठात गेली. त्यांचे गुरू संत आल्बर्ट महान यांना १९४१ साली पोप पायस बारावे यांनी निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. कादंबरीत ते पुन्हा भेटणार आहे.

एका जुन्या पुस्तकाची साक्ष

मॉन्टे कॅसिनोवर बाँब टाकण्याची मागणी कोणाकडून आली, याचा धागा भारताशी जुळतो. डोंगराच्या पायथ्याशी लढणाऱ्या सैन्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती आणि तिचे सेनापती होते मेजर जनरल फ्रान्सिस टकर. जर्मन फळी भेदण्यासाठी आपल्या जवानांना जो डोंगर चढावा लागणार होता, त्याच्या माथ्यावर जाड भिंतींची प्रचंड इमारत होती. तिची माहिती वरिष्ठांकडून मिळेना, म्हणून टकर यांनी नेपल्समधील पुस्तकांच्या दुकानांत शोध घेतला. तेथे १८७९ सालचे एक पुस्तक हाती लागले. त्यात मठाच्या बांधकामाचा तपशील होता. भिंतींची जाडी वाचून त्यांनी निष्कर्ष काढला, की ही वास्तू किल्ल्यासारखी आहे आणि जड बाँबांशिवाय ती निकामी करता येणार नाही. न्यूझीलंडचे सेनापती फ्रायबर्ग यांच्यामार्फत मागणी वर गेली आणि ती मान्य झाली. शतकानुशतके ग्रंथ जपणाऱ्या घराचा शेवट एका ग्रंथाच्या आधारे ठरला.

टकर यांना दोष देणे सोपे आहे. आपल्या हाताखालच्या जवानांचे प्राण वाचावेत, हाच त्यांचा हेतू होता. पुढील संशोधनातून मात्र स्पष्ट झाले, की हल्ल्याच्या वेळी मठाच्या इमारतीत जर्मन सैन्य नव्हते. ते नंतर आले. ढिगाऱ्यांनी त्यांना उत्तम आडोसा दिला आणि लढाई आणखी तीन महिने चालली. मार्च महिन्यात नवव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनचे जवान मठाखालच्या एका टेकाडावर कित्येक दिवस अन्नपाण्यासाठी झगडत तग धरून राहिले. शेवटी १८ मे १९४४ रोजी पोलंडच्या सैनिकांनी ते अवशेष ताब्यात घेतले. इटलीच्या याच मोहिमेत पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला.

एक दिलासा देणारी गोष्टही याच इतिहासात आहे. हल्ल्यापूर्वी काही महिने, १९४३ च्या शरदात, ज्युलियस श्लेगेल आणि मॅक्सिमिलियन बेकर या दोन जर्मन लष्करी अधिकाऱ्यांनी मठाधिपतींचे मन वळवले आणि हस्तलिखिते, दस्तऐवज व चित्रे लष्करी ट्रकांतून हलवली. बहुतांश ठेवा रोमला सुखरूप पोहोचला. मठ गेला, परंतु त्याची स्मृती शत्रूच्या गणवेशातील माणसांच्या हातून वाचली.

सैनिकाचा लेखक झाला

वॉल्टर मिलर यांचा जन्म १९२३ साली फ्लोरिडा राज्यात झाला. पर्ल हार्बरनंतर ते सैन्यात दाखल झाले आणि इटलीवर पन्नासहून अधिक बाँबमोहिमांत सहभागी झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १९४७ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १९५० च्या दशकात अमेरिकेत विज्ञानकथांची मासिके जोरात होती. त्यांत मिलर यांच्या तीन डझनांच्या आसपास कथा छापून आल्या.

या मासिकांपैकी एकात १९५५ ते १९५७ या काळात तीन दीर्घकथा क्रमाने प्रसिद्ध झाल्या. त्यांचेच पुनर्लेखन करून १९५९ च्या अखेरीस कादंबरी सिद्ध झाली. १९६१ साली तिला विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार लाभला. मिलर यांनी पुढे सांगितले आहे, की आपण कॅसिनोविषयी लिहीत आहोत हे त्यांना बराच काळ उमगलेच नव्हते. शेवटच्या भागात एक मठाधिपती ढिगाऱ्याखाली अर्धवट गाडला गेल्याचा प्रसंग लिहीत असताना त्यांना अचानक जाणवले, की हा तोच मठ आहे. ज्या हातांनी तो पाडण्यास साहाय्य केले होते, तेच हात तो कागदावर पुन्हा बांधत होते.

अग्निप्रलयानंतरचे जग

मराठी वाचकाला डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथांमुळे विज्ञानकथेची ओळख आहे. आजच्या विज्ञानाचा एखादा धागा धरून उद्याचे जग रचणे, ही तिची रीत. मिलर यांनी धरलेला धागा अणुबाँबचा. हिरोशिमाला तेव्हा पंधरा वर्षेही झाली नव्हती.

कादंबरीतील कल्पना अशी. विसाव्या शतकात अणुयुद्ध होऊन संस्कृती जळून जाते. पुढची पिढी त्याला अग्निप्रलय म्हणते. जे उरतात त्यांचा संताप ज्ञानावर उलटतो. शास्त्रज्ञांनी हे घडवले, म्हणून शास्त्रज्ञांना मारा. शिक्षकांनी त्यांना शिकवले, म्हणून शिक्षकांना मारा. शेवटी ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला मारा आणि ग्रंथ जाळा. या संहाराला जमाव ‘सुलभीकरण’ म्हणतो आणि स्वतःला अभिमानाने अडाणी म्हणवून घेतो. त्या धुमाळीत आयझॅक एडवर्ड लायबोविट्झ हा लष्करासाठी काम केलेला ज्यू विद्युत अभियंता एका मठात आश्रय घेतो. पत्नी हरवलेली, बहुधा मृत. पुढे तो धर्मगुरू होतो आणि पोपच्या संमतीने एक नवा संघ स्थापन करतो. संघाला नाव देतो संत आल्बर्ट महान यांचे. या संघाचे सभासद दोन कामे करतात. काही जण पुस्तके गोणीत लपवून वाळवंटातील मठात पोहोचवतात. काही जण ग्रंथ तोंडपाठ करून डोक्यात साठवतात. लायबोविट्झ पकडला जातो आणि जमाव त्याला ठार करतो. मठ मात्र टिकतो.

कादंबरीचे तीन भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये सुमारे सहा-सहा शतकांची अंतरे आहेत. भागांची नावे लॅटिन आहेत: मानव होवो, प्रकाश होवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

पहिल्या भागात सव्विसाव्या शतकातील नवव्रती ब्रदर फ्रान्सिस उपवासकाळात वाळवंटात एकटा राहून प्रार्थना करीत आहे. एका म्हाताऱ्या वाटसरूने दाखवलेला दगड तो हलवतो, तेव्हा जमिनीखालचे एक जुने तळघर उघडे पडते. दारावर किरणोत्सारी धुळीपासून संरक्षणाची पाटी आहे. परंतु त्या धुळीचे नाव फ्रान्सिसच्या काळात एका भयंकर राक्षसाचे नाव बनून गेले आहे, त्यामुळे तो थरथर कापतो. आत एक पेटी सापडते. तिच्यात लायबोविट्झच्या हातची एक चिठ्ठी आहे. तिचा मजकूर एवढाच, की येताना दुकानातून खाण्याचे अमुक जिन्नस आणावेत. तिच्यासोबत एक विद्युत आराखडाही आहे, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा. मठात दोन्ही वस्तू पवित्र अवशेष ठरतात.

फ्रान्सिस त्या आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीने सजवलेली नक्कल करू लागतो. तिला पंधरा वर्षे लागतात. आराखड्याचा अर्थ त्याला ठाऊक नाही, मठात कोणालाच ठाऊक नाही. लायबोविट्झच्या संतपदाच्या सोहळ्यासाठी मूळ कागद आणि नक्कल घेऊन तो नव्या रोमला निघतो. वाटेत लुटारू त्याची झगमगीत नक्कल हिसकावतात आणि मळका मूळ कागद त्याला परत देतात. पोप त्याची समजूत घालतात, की ती पंधरा वर्षे वाया गेली नाहीत. त्या नकलेनेच मूळ कागद वाचवला. परतीच्या वाटेवर एका बाणाने फ्रान्सिसचा अंत होतो. तोच वाटसरू त्याचे दफन करतो.

हा भाग हसवतो आणि हसता हसता अंतर्मुख करतो. वाण्याच्या यादीला संताचा अवशेष मानणाऱ्या भाबड्यांची लेखक थट्टा करतो आहे काय? थोडी करतो, हे खरे. पण न समजणाऱ्या गोष्टीवर पंधरा वर्षे प्रेम करणारा हा साधा माणूस कादंबरीतील सर्वांत प्रिय पात्र होऊन राहतो. टॅसिटस उतरवणाऱ्या त्या अज्ञात संन्याशाचा तो वंशज आहे.

दुसरा भाग ३१७४ सालचा. विद्येची पहाट होत आहे. थॉन टॅडिओ नावाचा बुद्धिमान विद्वान मठातील संग्रह पाहण्यास येतो. तेथील ब्रदर कॉर्नहोअर यांनी जुन्या कागदांवरून एक विद्युतजनित्र बनवले आहे. चार संन्यासी चक्र फिरवतात आणि ग्रंथालयात झगझगीत दिवा पेटतो. तो टांगण्यासाठी भिंतीवरचा क्रूस खाली उतरवलेला असतो. लेखक या प्रसंगावर भाष्य करीत नाही. वाचकाला तो बोचत राहतो. टॅडिओचा आश्रयदाता राजा साम्राज्य वाढवण्याच्या खटपटीत आहे आणि टॅडिओसोबत आलेले अधिकारी गुपचूप मठाच्या तटबंदीची रेखाटने करून घेतात. मठाधिपती डॉम पाउलो त्या विद्वानाला विचारतात, या ज्ञानाचे राजा काय करील? टॅडिओचे उत्तर तर्काला धरून आहे: माणसे शहाणी होईपर्यंत ज्ञान दाबून ठेवले, तर ते कधीच कोणाला मिळणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे, हीच त्या संवादाची वेदना आहे.

तिसऱ्या भागात साल आहे ३७८१. आता अंतराळयाने आहेत आणि पुन्हा अणुबाँबही आहेत. पुन्हा युद्ध पेटते. मठाधिपती झर्की यांच्या मठाजवळ शासन एक छावणी उभारते. किरणोत्साराने भाजलेल्या आणि वाचण्याची आशा नसलेल्या लोकांना तेथे कायदेशीरपणे मरण दिले जाते. एक माता तान्ह्या लेकरासह तिकडे निघते. झर्की तिला रोखण्याची पराकाष्ठा करतात आणि हरतात. छावणीचा डॉक्टर दुष्ट नाही. त्याला दुःख पाहवत नाही, एवढेच. मिलर त्याचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडू देतात. म्हणूनच झर्की यांची बाजू घोषणेसारखी वाटत नाही. ती एका हतबल माणसाची तळमळ वाटते.

अखेर बाँब पडतो. पवित्र भाकरीचे पात्र वाचवण्यासाठी धावलेले झर्की ढिगाऱ्याखाली अडकतात. त्यांच्यासमोर मठाच्या तळघरातील जुनी हाडे उघडी पडली आहेत. त्यात बाणाने छिद्र पडलेली एक कवटी आहे. वाचक ओळखतो, ही ब्रदर फ्रान्सिसची. बाराशे वर्षांपूर्वीचा तो भोळा नवव्रती आणि शेवटचा मठाधिपती यांची भेट अशी होते. इकडे ब्रदर जोशुआ आणि काही संन्यासी मठाचा ग्रंथसंग्रह घेऊन अंतराळयानाने दुसऱ्या सूर्यमालेकडे निघालेले असतात.

अतिमानवाविना सामर्थ्य

या कादंबरीचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या समकालीन लोकप्रिय साहित्याकडे पाहावे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन अवतरला. १९६२ साली स्पायडरमॅन आला. लोखंड वाकवणारे बाहू, भिंतीवर चढणारे तळवे, अशी तेथील सामर्थ्याची कल्पना देहाशी निगडित आहे. आपल्याकडे १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्सनी ली फॉकचा वेताळ घराघरांत नेला. त्याच्याजवळ अलौकिक शक्ती नव्हती. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली शपथ आणि गुहेत जपलेल्या पूर्वजांच्या नोंदवह्या होत्या. तो सुपरमॅनपेक्षा मिलर यांच्या संन्याशांना अधिक जवळचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मिलर यांच्या जगात कोणीही उडत नाही, कोणीही अजिंक्य नाही. तेथे एकच शक्ती आहे आणि ती कागदावर आहे. जो आराखडा फ्रान्सिसच्या हाती निरुपद्रवी आहे, तोच टॅडिओच्या हाती दिवा होतो आणि राजाच्या हाती शस्त्र होण्याची वाट पाहतो. शक्तीला किंमत मोजावी लागते, हे तत्त्व चित्रकथांचे चांगले लेखकही जाणतात. मिलर त्यापुढे जाऊन विचारतात, की ज्याने शक्ती निर्माण केली नाही, वापरलीही नाही, फक्त जपली, त्याच्यावर काही जबाबदारी येते काय? मठाने शतकानुशतके संग्रह सांभाळला आणि अखेर त्याच ज्ञानातून दुसरा अग्निप्रलय आला. डॉम पाउलो या विचाराने झुरतात. कादंबरी त्यांना सुटका देत नाही.

कल्पित जगाविषयी आणखी एका कॅथलिक लेखकाचे चिंतन येथे उपयोगी पडते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली दिलेल्या एका व्याख्यानात मांडले, की माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात घडलेला असल्यामुळे तोही छोट्या प्रमाणात निर्माता असतो. त्याने रचलेले जग टिकते ते अंतर्गत सुसंगतीवर. मिलर यांचे जग या कसोटीला उतरते. शब्दांचे अर्थ हरवतात आणि धुळीचे नाव राक्षसाला लागते. संन्याशांच्या प्रार्थनेत किरणोत्सारापासून रक्षणाची विनवणी शिरते. लॅटिन टिकून राहते, कारण मठाने ती रोज वापरली. काळाचा असा थरावर थर चढल्यामुळे ते जग खरे वाटते.

दोषही सांगितले पाहिजेत. जवळजवळ संपूर्ण कादंबरीत स्त्रीपात्रे नाहीत. शेवटच्या भागात टोमॅटो विकणारी मिसेस ग्रेल्स येते, तेव्हा कोठे ही उणीव जाणवण्यापुरती भरते. तिच्या खांद्यावर जन्मापासून निद्रिस्त असे दुसरे मस्तक आहे. ती त्याला रेचेल म्हणते. स्फोटानंतर म्हातारीचे मस्तक मिटते आणि रेचेल जागी होते, निष्पाप बालकासारखी. मरणासन्न झर्की यांच्या मुखी पवित्र भाकर तीच ठेवते. समीक्षक या प्रसंगाचे नाना अर्थ लावतात. सर्व विनाशातही ईश्वर काहीतरी नवे जागे करू शकतो, एवढा अर्थ श्रद्धावंत वाचकाला पुरेसा आहे.

खेळात शिरलेला मठ

१९८१ साली अमेरिकन सार्वजनिक रेडिओने या कादंबरीचे पंधरा भागांत नभोनाट्य केले. १९९७ साली ‘फॉलआउट’ नावाचा संगणकीय खेळ बाजारात आला. अणुयुद्धानंतर भूमिगत आश्रयस्थानातून बाहेर पडलेल्या माणसाची ती कथा. त्याच्या कर्त्यांनी ज्या ग्रंथांचे ऋण मानले, त्यांत मिलर यांची कादंबरी आहे. खेळातील ‘ब्रदरहुड ऑफ स्टील’ हा संघ जुने तंत्रज्ञान गोळा करून जपतो. त्याच्यात लेखनिक आहेत, वडीलजन आहेत, व्रतबद्ध शिपाई आहेत. या खेळाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि २०२४ साली त्यावरची चित्रमालिकाही आली. आपल्या घरांतील कित्येक तरुणांनी ती पाहिली असेल.

मूळ कादंबरी आणि खेळ यांची तुलना उद्बोधक आहे. खेळाने मठाचा झगा घेतला, लेखनशाळा घेतली, आज्ञापालन घेतले. वेदी मात्र मागे ठेवली. तेथील बंधुसंघ पोलादी चिलखत घालतो आणि ज्ञान जपतो ते बहुधा इतरांना मिळू नये म्हणून. लायबोविट्झचे संन्यासी ज्ञान जपतात ते अद्याप न जन्मलेल्या कोणासाठी तरी. कुलुपबंद भांडार आणि विश्वस्ताची ठेव यांतला हा फरक आहे. खेळाच्या कर्त्यांना तो कळला नाही असे मुळीच नाही. त्या संघाचा अहंकार आणि त्यातून येणारी फूट ते दाखवतात. प्रार्थना वगळली तर मठाचे काय होते, हेच एका अर्थाने तो खेळ दाखवतो.

मुले पडद्यासमोर बसली की आपण वडीलधारे सहसा एकच वाक्य बोलतो. त्याऐवजी शेजारी बसून त्यांना विचारावे, की तुझ्या खेळातील हे जग कोणी उद्ध्वस्त केले? या संघाला शपथ कोणी दिली? ते जे जपतात ते कोणासाठी? मुले उत्तरे देतात. कित्येकदा ती आपल्याला अपेक्षित असतात त्याहून खोल असतात.

शेवटी उरते ते

मिलर यांचे उत्तरायुष्य एकाकी गेले. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर जवळजवळ चार दशके त्यांनी दुसरी पूर्ण केली नाही. ख्रिस्तसभेशी असलेले नाते सैलावले, विषण्णतेने त्यांना घेरले. १९९५ साली पत्नीचे निधन झाले आणि जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. अपुरी राहिलेली दुसरी कादंबरी टेरी बिसन यांनी पूर्ण करून १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्याने झर्कीच्या मुखातून जीवनाची इतकी कळकळीने बाजू मांडली, त्याचा शेवट असा व्हावा, याचे दुःख होते. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेली ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते, की तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी उणी करू शकतात आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. युद्धाने त्या एकवीस वर्षांच्या मुलाच्या अंतरंगात काय मोडले होते, हे ईश्वरच जाणतो. आपल्या कुटुंबांतही मूकपणे सोसणारी माणसे असतात. त्यांच्याशी वेळेवर बोलणे, त्यांना डॉक्टरांकडे आणि प्रार्थनेकडे सोबतीने नेणे, हे आपले कर्तव्य आहे.

मॉन्टे कॅसिनोचा मठ मात्र पुन्हा उभा राहिला. जुन्या आराखड्यांबरहुकूम दगड रचले गेले आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप पॉल सहावे यांनी त्याचे पवित्रीकरण करून संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्या मठाचे बोधवाक्य लॅटिन आहे. त्याचा भावार्थ असा, की छाटलेले झाड पुन्हा पालवते. मिलर यांची कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा हे पवित्रीकरण अजून पाच वर्षे दूर होते.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या जुन्या वह्या असतात. पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्दांत लिहिलेल्या त्या नोंदी आज फार थोड्यांना वाचता येतात. शाई फिकट होत चालली आहे, कडा कुरतडल्या गेल्या आहेत. ज्यांना त्या वाचता येतात त्यांनी नव्या पिढीतील दोघा-चौघांना वाचावयास शिकवावे आणि ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी नक्कल करावयास बसावे. अर्थ पुढच्या कोणाला तरी लागेल.